सूर्यघरचं सोसायटी-अनुदान: अर्ज सोपा, कागद अवघड

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. प्रधानमंत्री सूर्यघर 'मुफ्त बिजली' योजनेतून गृहनिर्माण सोसायटीला अनुदान मिळतं, खरोखर मिळतं, आणि मधल्या कुणाच्या हाती न लागता सोसायटीच्या बँक खात्यात जमा होतं. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगला 12 किलोवॉटच्या सोलरसाठी 2 लाख 16 हजार रुपये आले. गुणच द्यायचे तर पोर्टलला पाचपैकी चार, ज्याने काम केलं त्या सोलरवाल्याला साडेचार, ज्याला आम्ही परत पाठवलं त्याला एक, आणि तोही वेळेवर आला होता म्हणून. वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला अडीच. कंपनी कोणती ते लिहीत नाही, मला अजून त्याच खिडकीवर उभं राहायचं आहे.

मी सोसायटीची खजिनदार. निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसले, म्हणजे लोकांचे कागद परत पाठवण्यात हयात गेली. त्यामुळे पोर्टल उघडायच्या आधी मी विजेचं बिल, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवलं. तिघांवर तीन नावं होती. बिलावर बिल्डरचं, प्रमाणपत्रावर संस्थेचं पूर्ण लांबलचक नाव, आणि पासबुकात निम्मं नाव कापून 'सीएचएसएल'. तिथेच कळलं की फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतील आणि तिथवर पोचायला दिवाळी उजाडेल.

आधी पैशांचं, कारण यात व्हॉट्सअ‍ॅपवर बराच गोंधळ आहे. ज्या 78 हजारांची जाहिरात आपण बघतो ते स्वतःचं छत असलेल्या घरासाठी: पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, त्यापुढे काही नाही. मुंबईत स्वतःचं छत किती जणांना? सोसायटीचा हिशोब वेगळा आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोलर बसवलं तर किलोवॉटला 18 हजार, आणि मर्यादा घरटी 3 किलोवॉट धरून एकूण 500 किलोवॉटपर्यंत. आमचे 28 फ्लॅट, म्हणजे कागदोपत्री 84 किलोवॉटला वाव. गच्ची तेवढी नाही, सामाईक खपही नाही. अर्ज करताना प्रकार 'ग्रुप हाउसिंग सोसायटी' निवडायचा. घरगुती ग्राहक म्हणून भरलात तर 78 हजारांवर गाडी थांबेल.

योजना फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झाली, तरतूद 75,021 कोटींची, उद्दिष्ट 1 कोटी घरांचं, मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत. म्हणजे 'बघू पुढच्या एजीएमला', वार्षिक सभेला, म्हणणाऱ्या कमिट्यांनी कॅलेंडर एकदा बघावं.

सोसायटीला सोलर परवडतं त्याचं खरं कारण मात्र अनुदान नाही. आपल्या घरच्या बिलात पहिली 100 युनिटं स्वस्त, मग 300 पर्यंतची महाग, मग 500 पर्यंतची, आणि त्यावरची सगळ्यांत महाग. सोसायटीचं मीटर एकच. 28 घरांची लिफ्ट, 28 घरांचं पाणी, सगळं त्या एका मीटरवर, त्यामुळे दर महिन्याची बहुतेक युनिटं शेवटच्या टप्प्यात जातात. सोलरने कमी होतात ती हीच वरची, महागडी युनिटं. हे एजीएममध्ये फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा आमच्यातले एक सभासद शहाभाई यांनी खिशातून पेन काढलं, आणि मला कळलं की ठराव पास होणार.

तिथपर्यंतचा तास मात्र सोपा गेला नाही. सप्टेंबर 2024 ची एजीएम, खाली पार्किंगमध्ये, पंखा एक आणि खुर्च्या गणपती मंडळाकडून आणलेल्या. पहिला प्रश्न अर्थातच रीडेव्हलपमेंटचा. आमची बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, आजूबाजूच्या चार पडल्या आहेत, त्यामुळे नळाचा वॉशर बदलायचा म्हटलं तरी कुणीतरी 'आता कशाला, बिल्डिंगच जाणार आहे' म्हणतं. हे मी मुलगा दहावीला होता तेव्हापासून ऐकतेय, आता नात शाळेत जाते. माझं उत्तर साधं होतं: पॅनेल नटबोल्टवर असतात, काढून नेता येतात किंवा विकता येतात, आणि खर्च चार-साडेचार वर्षांत निघतो. तेवढ्या वेळात जो बिल्डर येऊन, रीडेव्हलपमेंटची सहकार कायद्यातली 79-अ ची प्रक्रिया पार पडून, सगळ्यांच्या सह्या होऊन बिल्डिंग रिकामी होईल, त्याच्या घरी मी स्वतः पेढे घेऊन जाईन.

दुसरा प्रश्न सातव्या मजल्यावरच्या काकूंचा. गळती. हा प्रश्न खरा होता, आणि मुंबईत सोलरचे निम्मे ठराव इथेच पडतात. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे, तेही मोठा खर्च करून केलेलं. त्यात ड्रिल मारून स्ट्रक्चर बसवायचं म्हटलं तर काकू उपोषणाला बसल्या असत्या आणि मी त्यांच्या शेजारी. ठरावात लिहून घेतलं की स्लॅबला भोक पडणार नाही, खांब काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे राहतील, आणि आधी-नंतरचे फोटो काढले जातील.

'लाइट गेली तर लिफ्ट चालेल ना?' हा तिसरा. चालणार नाही. नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही युनिटं मोजणारं मीटर, आणि त्यावरचं साधं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतं, कारण बाहेर तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसता कामा नये. बॅटरी लावली तर गोष्ट वेगळी, पण तो खर्चही वेगळा. हे आधी स्पष्ट सांगून टाका. नाहीतर पहिल्या पावसात लाइट गेली की सगळे खजिनदाराच्या दारात.

आणि 'माझं घरचं बिल कमी होईल का?' नाही. फक्त सोसायटीचं. यावर दोघं-तिघं उठून गेले, ते जाताना चहाही पिऊन गेले.

पहिला सोलरवाला त्याआधी, मेमध्येच, येऊन गेला होता. कुणाच्या तरी ओळखीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. भर दुपारी बाराला गच्चीवर उभा राहून म्हणाला, 'मॅडम, सावलीच नाही, पूर्ण गच्ची वापरू.' मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो त्या सुमाराला. तेव्हा गच्चीवर हत्ती उभा केला तरी सावली त्याच्या पायाखालीच पडेल. डिसेंबरात याच गच्चीवर दक्षिणेकडच्या टाकीची आणि लिफ्टच्या मशीन रूमची सावली दुपारी बारालाही जवळजवळ त्यांच्या उंचीइतकी लांब पडते, सकाळी आणि संध्याकाळी तर त्याहून लांब. वाळवण घालणाऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला हे पाठ आहे. त्याला नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

त्याचं कोटेशनही तसंच. किंमत 'अनुदान वजा जाता' लिहिलेली, म्हणजे मूळ रक्कम शोधायला आपणच गणित करायचं. पॅनेलच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव, भारतीय. मी विचारलं, आतले सेल कुठले? तर म्हणे 'कंपनी इंडियन आहे ना मॅडम.' अनुदानाला तेवढं पुरत नाही. पॅनेल भारतात जोडलेलं आणि त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात, यालाच बाजारात 'डीसीआर पॅनेल' म्हणतात, आणि ती बिगर-डीसीआरपेक्षा महाग पडतात. स्वस्त कोटेशन बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेलं असतं.

त्याहून बारीक गोष्ट इन्व्हर्टरची. त्याने 12 किलोवॉटचे पॅनेल आणि 10 किलोवॉटचा इन्व्हर्टर सुचवला होता. तांत्रिकदृष्ट्या त्यात गैर काही नाही, पॅनेल कधीच पूर्ण क्षमतेने चालत नाहीत आणि लोक असं करतात. पण अनुदान मोजताना पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली जी कमी असेल ती धरतात. म्हणजे 10 गुणिले 18 हजार. 36 हजारांचं पाणी. 12 चा इन्व्हर्टर घेतला तर वरचा खर्च त्याहून बराच कमी होता. तीन कोटेशन मागवली त्यातल्या दोघांनी हे आपणहून सांगितलं नाही. तिसऱ्याने सांगितलं, म्हणून काम त्याला दिलं. वसईचा मुलगा, वयाने माझ्या मुलाहून लहान, पोर्टलच्या नोंदणीकृत यादीत नाव असलेला. पहिल्या भेटीत त्याने होकायंत्र काढलं, टाकीची उंची टेपने मोजली आणि गच्चीचा दक्षिणेकडचा पट्टा खडूने आखून म्हणाला, 'काकू, एवढा भाग सोडून द्या, इथे पॅनेल लावून तुमचे पैसे वाया जातील.' विकायला आलेला माणूस स्वतःहून माल कमी करतो हे मी क्लेमच्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं.

सोडलेल्या त्या पट्ट्यात पापड-कुरडयांची सोय झाली, हे वेगळं.

आता बिलावरचं नाव. सामाईक मीटर बिल्डिंग बांधली तेव्हा बिल्डरने घेतलं आणि चाळीसएक वर्षं बिल त्याच्याच नावाने येत राहिलं, सोसायटी निमूट भरत राहिली. मुंबईत हे घरोघरी आहे, आपापलं बिल काढून बघा. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की वीज कंपनीकडे असलेलं नाव समोर येतं आणि अनुदान त्याच ग्राहकाला मिळतं. बिल्डरचं नाव ठेवून पुढे जाण्यात अर्थच नव्हता. त्याची फर्म केव्हाच बंद झाली होती, ना-हरकत आणणार कुठून? मग नोंदणी प्रमाणपत्र, सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि स्टँपपेपरवर हमीपत्र. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 चा स्टँप जाऊन 500 चा आला, तो मुहूर्त आम्ही बरोबर साधला.

वीज कंपनीच्या कार्यालयाचे अडीच गुण इथेच कापले. एका वेळी एकच त्रुटी सांगायची ही त्यांची पद्धत. ठराव दिला तर म्हणे सहीचा नमुना, तो दिला तर शिक्का पुसट, शिक्का उठावदार मारला तर मागच्या महिन्याच्या बिलाची पावती. अहो, फाइल उघडली की सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहून द्यायच्या, हा टेबलावरचा पहिला धडा आहे. मी हे खिडकीतल्या मुलीला समजावूनही सांगितलं. ती हसली. बिचारी कंत्राटी होती.

त्याच फेरीत मंजूर भारही वाढवून घेतला. बिलावर 9 किलोवॉट छापलेला होता, आणि प्रत्यक्षात साडेसात हॉर्सपॉवरची लिफ्ट आणि पाच-पाच हॉर्सपॉवरचे दोन पंप. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे पाऊण किलोवॉट, करा बेरीज. 12 किलोवॉटचं सोलर नेट मीटरवर घ्यायचं तर मंजूर भार निदान तेवढा लागतो. भार वाढवला की अनामत वाढते, ती रक्कम सोलरच्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. धरा.

बँकेतलं नाव मी आधीच दुरुस्त करून घेतलं. 'सीएचएसएल' काढून प्रमाणपत्रावर आहे तसंच अक्षरन्‌अक्षर. बँकेचा माणूस म्हणाला, 'सगळे असंच लिहितात.' सगळ्यांचे क्लेम मी याच कारणासाठी परत पाठवलेले आहेत.

पोर्टलचं कौतुक करायला हवं. पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन हा एकच पत्ता खरा, तिथे अर्ज करायला पैसे लागत नाहीत, आणि अर्ज कुठल्या पायरीवर आहे ते दिसत राहतं. नोंदणी, ग्राहक क्रमांक, मग वीज कंपनीची तांत्रिक मंजुरी, मग विक्रेता निवडणं, काम, तपासणी, नेट मीटर, बँकेचा तपशील, अनुदान. या नावाखाली फोन करून 'प्रोसेसिंग फी' मागणारे भरपूर आहेत, त्यांना नमस्कार करा. एक गुण कापला तो ओटीपीसाठी. दर वळणावर ओटीपी, आणि तो नोंदवलेल्या मोबाइलवर. सोसायटीच्या बाबतीत तो मोबाइल कुणाचा? सेक्रेटरीचा. सेक्रेटरी मुलीकडे टोरंटोला गेले, अर्ज तिथेच थांबला असता. आम्ही सुरुवातीलाच सोसायटीसाठी वेगळं सिमकार्ड घेतलं, ते जुन्या बटणांच्या फोनमध्ये ऑफिसच्या कपाटात असतं. महिन्याला थोडं रिचार्ज पडतं, पण कमिटी बदलली तरी नंबर सोसायटीचाच राहतो.

तांत्रिक मंजुरीचं एक लक्षात ठेवा. 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासत बसायची गरज नाही, अर्ज मंजूर धरला जातो. त्यावर असेल तर कंपनीने 15 दिवसांत तपासून सांगायचं, नाही सांगितलं तर मंजूर समजायचं. वीज ग्राहकांच्या हक्कांचे जे 2020 चे नियम आहेत त्यात फेब्रुवारी 2024 ला ही दुरुस्ती झाली. आमची मुदत उलटत आली तेव्हा मी नियमाचा उल्लेख करून दोन ओळींचं ईमेल टाकलं. ओरडून जे होत नाही ते नियमाच्या क्रमांकाने होतं. मंजुरी आली.

काम सुरू झालं तो दिवस बघण्यासारखा होता. एक पॅनेल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट, वजन 27-28 किलो. ते लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर वळत नाही. रंगाऱ्यांसारखी कप्पी गच्चीच्या कठड्याला बांधून, दोर लावून, मागच्या बाजूने एकेक वर चढवलं. खाली सगळ्या गाड्या हलवल्या होत्या, एक सोडून. ती कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे. वर चढवण्याआधी मी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून प्रत्येक पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचला, काचेच्या आत कडेला छापलेला नंबर त्याच्याशी जुळवला आणि वहीत लिहिला. एकदा वर बसले की स्टिकर खाली जातं आणि कुणी वाकून बघत नाही. हेच नंबर पोर्टलवर चढतात आणि डीसीआर प्रमाणपत्रातही असावे लागतात. सोलरवाल्याची पोरं आधी वैतागली, मग त्यातलाच एक मला नंबर वाचून दाखवायला लागला. 22 पॅनेल, 550 वॉटचे, एकूण 12.1 किलोवॉट.

स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं, सहा-साडेसहा फूट उंच, खालून माणूस सरळ चालू शकेल असं. उंच स्ट्रक्चर महाग पडतं, पण खाली कपडे वाळत घालता येतात आणि गच्ची गमावल्याची बोंब होत नाही. उंचीमुळे वारा जास्त धरतो, त्यामुळे ठोकळ्यांचं वजन आणि पायांना तिरके आधार यात काटकसर नको. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या समोरच्या बिल्डिंगचे गच्चीवरचे पत्रे आमच्या आवारात आले होते. तो फोटो मी सोलरवाल्याला दाखवला. त्याने काही न बोलता प्रत्येक रांगेत एक आधार वाढवला आणि बिलात लावला नाही. साडेचार गुणांतला एक त्याचा.

अर्धा गुण कापला तो राडारोड्यासाठी. काँक्रीटचा उरलेला माल आठवडाभर टाकीपाशी पडून होता आणि गच्चीच्या पन्हाळीत वाळू गेली. फोन केला की 'आज पाठवतो काकू'. शेवटी आमच्या वॉचमननेच पोत्यात भरली.

काम झाल्यावर पॅनेलशेजारी ग्राहकाचा फोटो काढून जागेच्या अक्षांश-रेखांशासह अपलोड करतात. ग्राहक म्हणजे सोसायटी, सोसायटीचा चेहरा कुठून आणणार? म्हणून चेअरमन भर उन्हात टाय लावून उभे राहिले. तो फोटो आता नोटीस बोर्डवर आहे.

मग नेट मीटर. जुनं मीटर काढून दोन्ही दिशांची युनिटं मोजणारं मीटर लागतं, शिवाय सोलरची निर्मिती मोजणारं वेगळं. मीटर कंपनीकडे शिल्लक नाही, आज येईल, उद्या येईल, यात बरेच दिवस गेले, आणि तेवढे दिवस तयार पॅनेल उन्हात नुसते उभे. अडीच गुण का, ते आता पुरतं कळलं असेल. मार्च 2025 मध्ये सगळं चालू झालं.

अनुदानाची रक्कम काम सुरू होण्याआधी मिळत नाही. पूर्ण पैसे आधी सोलरवाल्याला द्यायचे, प्लांट चालू होऊन तपासणी झाली की मग अनुदान. आमचा खर्च आला 7 लाख 40 हजार, पैकी काही सोसायटीच्या मुदत ठेवीतून, बाकी फ्लॅटमागे 12 हजार. अनुदान येणारच नाही असं धरून पैसे उभे करा. ज्यांनी अनुदान धरून पैसे उभे केले ते मीटरच्या प्रतीक्षेत कसे हवालदिल होतात ते शेजारच्या सोसायटीत बघतेच आहे. आम्हाला आलं तेव्हा खात्यावरच्या नावात एक अक्षरही कमी-जास्त नव्हतं, त्यामुळे परत काही विचारणा नाही. मेसेज ऑफिसच्या कपाटातल्या त्या बटणांच्या फोनवर आला आणि दोन दिवस कुणाला कळलंच नाही.

आमच्यानंतर, 22 सप्टेंबर 2025 पासून, सोलरच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आमचं नशीब. तुमच्या कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, तेवढं बघा.

वर्षभराचे आकडे. सोलरच्या आधी आम्ही एक काम केलं होतं जे मी सगळ्यांना करायला सांगेन: जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या चोकवाल्या ट्यूब काढून एलईडी, आणि माणूस आला की लागणारे सेन्सर. महिन्याचा खप सतराशे-अठराशे युनिटांवरून चौदाशेवर आला. त्याला अनुदान नव्हतं आणि गरजही पडली नाही. तसं केलं नसतं तर सोलर आणखी मोठं घ्यावं लागलं असतं. सोलरने एप्रिल-मेमध्ये महिन्याला सोळाशेच्या वर युनिटं दिली आणि जुलैमध्ये साडेसहाशे. जुलैचा आकडा बघून घाबरू नका, हिशोब आर्थिक वर्षाचा असतो. एप्रिल-मेची शिल्लक युनिटं पुढे सरकत पावसाळ्यात वळती होतात, 31 मार्चला खातं बंद होतं. वर्षभरात साधारण 15,800 युनिटं झाली. स्थिर आकार राहतोच, बिल शून्य होत नाही, 'मुफ्त बिजली' हे नाव सोसायटीपुरतं तरी मनावर घेऊ नका. आमची बचत पावणेदोन लाखांच्या आसपास, अनुदान वजा करता तीन वर्षांत पैसे वसूल.

पॅनेल धुण्याकडे मात्र लक्ष हवं. कबुतरं, आणि चारही बाजूंना चाललेल्या बांधकामांची धूळ. पाऊस संपला की दर पंधरवड्याला, पहाटे, पॅनेल थंड असताना धुवायचे. टँकरचं पाणी वापरू नका, पांढरे डाग बसतात. नोंदणीकृत विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, पण देखभाल म्हणजे धुणं नव्हे हे करार वाचल्यावर कळतं. वॉचमनला त्याचे वेगळे पैसे देतो.

पॅनेलची हमी 25 वर्षांची असली तरी इन्व्हर्टर तेवढा चालत नाही, आठ-दहा वर्षांत तो बदलायची तयारी हवी. म्हणून अनुदानाचे 2 लाख 16 हजार त्याच नावाने मुदत ठेवीत टाकावेत असं माझं म्हणणं. चेअरमनना त्यातून लॉबीला ग्रॅनाइट हवं आहे. हा विषय येत्या एजीएमच्या अजेंड्यावर चौथा आहे, आणि शहाभाई माझ्या बाजूने आहेत.